घोड्यांच्या ट्रामचे रूळ किती रुंद होते? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका नमस्कार. दिवाळीला आमच्याकडे सगळे जमले होते आणि नाशिकच्या जुन्या ट्रामवरून चांगलाच वाद झाला. माझे आजेसासरे सांगायचे की मेन रोडवरून नाशिकरोड स्टेशनला घोड्यांची ट्राम जायची. आता माझे दीर म्हणतात ती मीटरगेज होती, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर, मी मोबाईलवर बघितलं तर अडीच फूट लिहिलंय, आणि पुतण्याचं म्हणणं की अडीच फूट नंतरचं असेल, पेट्रोल इंजिनाच्या वेळचं, घोडे होते तेव्हा रूळ वेगळे असतील. तुम्ही रेल्वेत होता, तुम्हीच सांगा कोणाचं खरं. (एक वाचक, गंगापूर रोड)

उत्तर : ताई, आधी पुतण्याला माझ्याकडून शाबासकी द्या, कारण तुम्ही आणि दीर आकडा सांगताय आणि तो विचारतोय की आकडा कुठल्या सालचा, आणि जुन्या ट्रामच्या बाबतीत सगळा घोळ तिथेच होतो. ट्रामची लाईन चाळीस-पन्नास वर्षं चालते, मधे तिची ओढणारी ताकद बदलते, रूळ बदलतात, कधी कंपनी बदलते, पण यादीत तिच्या नावापुढे एकच आकडा असतो आणि आपण तो पहिल्या दिवसापासूनचा धरून चालतो.

आधी ट्रामबद्दल थोडं सांगतो, वाद मिटवायला ते लागणारच आहे. जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची लाईन गावाला लांबून वळसा घालून गेली, १८६५ ला थळ घाट खुला झाला आणि मुंबईहून गाडी वर यायला लागली, पण नाशिकला उतरलेल्या माणसाला रामकुंडापर्यंत यायचं म्हणजे आठ-दहा किलोमीटर टांगा नाहीतर पायी, आणि मधे आजच्यासारखी वस्ती नव्हती, दाट झाडी होती. म्हणून १८८९ मध्ये नाशिक ट्रामवे उभी राहिली. मेन रोडवर जुन्या महापालिकेची इमारत आहे ना, तिथून निघायची आणि नाशिकरोड स्टेशनला पोचायची. दोन डबे, चार घोडे. पुढे घोडे गेले आणि पेट्रोलचं इंजिन आलं, आणि तोट्यात जाऊन १९३० नंतर दोन-तीन वर्षांत बंद पडली. म्हंजे चाळीस वर्षांच्या वर चालली, आणि आज शहरात तिची एक पाटीसुद्धा नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता गेज. दोन रुळांच्या माथ्याच्या आतल्या कडा असतात त्यांच्यातलं अंतर म्हणजे गेज. मधोमध ते मधोमध नाही, बाहेरून बाहेर तर नाहीच. मी लाईनवर होतो तेव्हा गँगबरोबर रोज गेज बार टाकत चालायचो, नवीन पोरं आली की पहिल्या आठवड्यात टेप चुकीच्या कडेवर धरायची आणि मुकादम ओरडायचा. हे मुद्दाम सांगतोय कारण दीर म्हणतील की कोणीतरी चुकीचं मोजलं असेल आणि मीटरचं अडीच फूट झालं असेल, किंवा उलटं. तर हिशोब करून बघू. अडीच फूट म्हणजे ३० इंच, बरोबर ७६२ मिलिमीटर. मीटरगेज म्हणजे १००० मिलिमीटर, ३ फूट ३ इंच आणि वर जरासं. फरक नऊ इंचांच्या वर. ट्रामचा हलका रूळ, त्याचा माथा दीड इंच धरा, तर अडीच फुटाची लाईन बाहेरून बाहेर मोजली तरी ३३ इंच येणार, अगदी रुळाच्या तळाच्या बाहेरच्या कडा धरल्या तरी ३४-३५. एकोणचाळीस येतच नाही. म्हणून मोजण्याच्या चुकीने अडीच फुटाचं मीटर होत नाही, हे दोन वेगळेच आकडे आहेत आणि त्यातला एक कुठून तरी दुसरीकडून आलाय.

माझं मत सरळ सांगतो, अडीच फूट, आणि तेही घोड्यांच्या वेळेपासून.

का, तर पहिलं कारण माणूस. या ट्रामचा सल्लागार इंजिनिअर होता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. हे नाव सोलापूर-लातूरकडच्या लोकांना जास्त माहिती, कारण बार्शी लाईट रेल्वे त्याची, १८९७ ला सुरू झालेली, अडीच फुटी. हा जीआयपीमध्ये नोकरीला होता, तिथे असतानाच त्याच्या डोक्यात बसलं होतं की मोठ्या लाईनपासून आतल्या गावांना जोडायला छोटी, स्वस्त, हलकी लाईन पाहिजे, आणि आयुष्यभर तो अडीच फुटाचाच माणूस राहिला, पुढे इंग्लंडमध्ये त्याने लीक अँड मॅनिफोल्ड म्हणून लाईन केली तीसुद्धा अडीच फुटी. बार्शीला त्याने काय केलं बघा, सगळ्या गाड्यांचा एका ॲक्सलवरचा, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यावरचा, भार ५ टनांच्या आत बांधून टाकला, मग दर यार्ड लांबीला ३० पौंड वजनाचा हलका रूळ पुरला आणि खर्च वाचला. असा विचार करणारा माणूस बार्शीच्या आधी नाशिकला सल्ला देतोय तर तो मीटरगेज सुचवेल हे मला पटत नाही.

दुसरं कारण, जनावरांनी ओढायची अडीच फुटी लाईन हे तेव्हा आपल्याकडे नवीन राहिलेलं नव्हतं. बडोद्याच्या खंडेराव महाराज गायकवाडांच्या काळात, १८६२ ला, डभोई ते मियागाम लाईन झाली, अडीच फुटी, आणि ती बैल ओढायचे. भारतातली पहिली नॅरोगेज ती. हलक्या रुळांवर इंजिन झेपेना, मग १८७३ च्या सुमारास जड रूळ टाकले आणि पुढे १८८० पासून इंजिनं नियमित चालायला लागली. गेज मात्र तेच ठेवलं. हे लक्षात ठेवा, पुढच्या मुद्द्याला लागेल.

तिसरं कारण पुतण्यासाठी. तो म्हणतो पेट्रोल आलं तेव्हा गेज बदललं असेल. बदलू शकतं, जगात बदललंय. पण गेज बदलणं म्हणजे एक रूळ उचलून बाजूला सरकवला इतकं सोपं नाही, स्लीपरला, म्हणजे रुळांखालच्या आडव्या ओंडक्यांना, नवीन भोकं, क्रॉसिंग सगळी नवीन, डब्यांचे ॲक्सल नवीन, आणि रस्त्यातला भाग परत खोदा. आठ-दहा किलोमीटरची एकच लाईन, गाठीला पैसा कमी, ती कंपनी हे कशासाठी करेल? पेट्रोलचं छोटं इंजिन अडीच फुटावर आरामात चालतं. डभोईला बैल गेले आणि इंजिन आलं तरी गेज राहिलं, तसंच इथे राहिलं असं मी धरतो. आता हे कारण आहे, पुरावा नाही, त्यामुळे पुतण्याने हार मानायची गरज नाही, त्याने शोधत राहावं.

आणि दीरांचं मीटरगेज कुठून आलं असेल? मला दोन वाटा दिसतात. आपल्याकडे ब्रॉडगेज सोडून जे काही छोटं असेल त्याला लोक सरसकट मीटरगेज म्हणतात, पाचोरा-जामनेरला मीटरगेज म्हणणारे मला जळगावात किती भेटलेत, ती अडीच फुटी होती. आणि दुसरी वाट कोलकात्याची, त्याबद्दल खाली एका वाचकाने विचारलंयच.

अजून एक, ताई. कोणी जुन्या जिल्हा गॅझेटिअरमध्ये बघायला सांगेल. नाशिकचं मुंबई इलाख्याचं गॅझेटिअर छान आहे, मी सार्वजनिक वाचनालयात बसून वाचलंय, पण ते छापलंय १८८३ ला, ट्रामच्या सहा वर्षं आधी. त्यात ट्राम सापडली नाही म्हणून ट्राम नव्हतीच असा निष्कर्ष काढणारेही मला भेटलेत.


प्रश्न : मी आठवीत आहे. अडीच फुटात घोडा मावतो का? आणि त्याचा पाय स्लीपरला अडकणार नाही का? (एक विद्यार्थी, सिडको)

उत्तर : बाळा, फार चांगलं विचारलंस, मोठी माणसं आकड्यावर भांडतात आणि घोड्याला विसरतात.

एक घोडा अडीच फुटात चालतो. घोडा लांबीला मोठा पण रुंदीला तसा कमी, त्याच्या पुढच्या दोन पायांतलं अंतर तू एकदा जवळून बघ, वीतभर असतं. पण दोन घोडे शेजारी शेजारी जोडीने जुंपले तर त्यांना पाच फुटांच्या आसपास जागा लागते, मग ते दोघं रुळांच्या मधे मावणार नाहीत, एकेकाचे बाहेरचे पाय रुळाच्या पलीकडे पडणार. म्हणून जनावरांच्या लाईनला रुळांच्या मधलीच नाही तर बाजूचीही पट्टी भरून सपाट करावी लागते. स्लीपर मुरमाखाली दाबून टाकतात, वर ठोकून घेतात, रूळ जमिनीच्या जवळजवळ सपाटीला येतात. आगगाडीच्या लाईनवर आपण मोठी खडी टाकतो आणि स्लीपर उघडे ठेवतो, तिथे घोडा दहा पावलंही नीट चालू शकणार नाही.

मग विचारशील की रूळ कशाला, टांगा होताच की. तर लोखंडाचं चाक लोखंडावर फिरतं तेव्हा अडवणूक फार कमी होते, रस्त्यावर एक घोडा जेवढं ओढतो त्याच्या कितीतरी पट तोच घोडा रुळावर ओढतो. खड्डा नाही, चिखल नाही, पावसाळ्यात चाक रुतत नाही. चार घोड्यांनी दोन भरलेले डबे स्टेशनवरून गावात आणायचे हे रुळांशिवाय शक्यच नव्हतं. आणि रूळ जवळजवळ असले की वळण घट्ट घेता येतं, जुन्या नाशकातले रस्ते तुला माहितीच आहेत.

तुला अजून एक गोष्ट सांगतो, ती मला स्वतःला फार आवडते. वर ज्या कॅल्थ्रॉपचं नाव घेतलं तो घोड्यांचा वेडा होता, अरबी घोडे पाळायचा, आणि म्हातारपणी घोड्यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं, घोड्याला मारून नाही तर मैत्री करून शिकवा हे सांगणारं. आणि विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी पॅराशूटही बनवलं त्याने. रेल्वे, घोडा, पॅराशूट, एकच माणूस.


प्रश्न : सर, मी काही वर्षं नोकरीनिमित्त कोलकात्यात होतो, तिथली ट्राम आगगाडीच्या परदेशी स्टँडर्ड गेजची आहे, १४३५ मिमी. मग पहिली घोड्यांची ट्रामसुद्धा त्याच गेजची असणार ना? मित्र म्हणतो मीटरगेज होती. आणि आपल्याकडेच असे घोळ का, इंग्रजांच्या देशात सगळं नोंदवलेलं असतं. (एक वाचक, इंदिरानगर)

उत्तर : मित्राचं बरोबर आहे, पण अर्धंच, कारण कोलकात्यात घोड्यांच्या ट्राम दोन झाल्या आणि लोक दोन्ही एकात मिसळतात.

पहिली २४ फेब्रुवारी १८७३ ला सुरू झाली, सियालदा ते आर्मेनियन घाट, चार किलोमीटरपेक्षाही थोडी कमी, आणि त्याच वर्षी २० नोव्हेंबरला बंद. नऊ महिने चालली फक्त. मग मधे सात वर्षं काही नाही. १८८० ला कलकत्ता ट्रामवेज कंपनी आली, तिने परत सियालदा ते आर्मेनियन घाटच धरलं, आणि ही मीटरगेज, घोड्यांची. मग १९०२ मध्ये वीज आली, आणि विजेच्या गाडीसाठी सगळे रूळ नव्याने घातले तेव्हा गेज रुंद करून १४३५ केलं. तुम्ही बसलात ती या तिसऱ्या टप्प्याची.

आता गंमत बघा, तुम्ही आजचा आकडा उचलून १८७३ ला लावताय, आणि तुमचे मित्र १८८० चा आकडा उचलून तोच १८७३ ला लावतात. रस्ता तोच, दोन टोकं तीच, घोडेच, म्हणून वाटतं की लाईन तीच. पण मधे सात वर्षांचा खंड आहे, कंपनी वेगळी आहे. मी असं म्हणेन की ‘कोलकात्याची घोड्यांची ट्राम मीटरगेज’ हे वाक्य लिहिताना १८८० हे साल सोबत लिहायलाच हवं, साल नसेल तर ते वाक्य वापरू नका.

नाशिकच्या वादात मीटर शिरलं ते बहुतेक इथूनच. घोड्यांची ट्राम म्हटलं की माणूस कोलकात्याचं वाचतो आणि तोच आकडा सगळीकडे लावतो.

मुळात मीटर हा आकडा आपल्याकडे कसा आला तेही सांगतो. १८७० ला व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या वेळी ठरलं की ब्रॉडगेज फार महाग पडतं, दुसरं एक अरुंद गेज पाहिजे, आणि तेव्हा सरकारचा विचार होता की हिंदुस्थानात मेट्रिक मापं आणायची, म्हणून सव्वातीन फुटाच्या आसपासचा आकडा घेऊन सरळ एक मीटर केला. मेट्रिक मापं यायला मग जवळजवळ नव्वद वर्षं गेली, पण गेज राहिलं. म्हणजे फूट-इंचात विचार करणाऱ्या इंजिनिअरांच्या हातात मीटरचं गेज आलं, आणि जुन्या कागदांत ते कधी ३ फूट ३ लिहितात, कधी त्याच्यावर तीन अष्टमांश, ते वाचणाऱ्याला वेगळं गेज वाटतं.

आणि इंग्रजांच्या देशाचं म्हणाल तर तिथला घोळ आपल्यापेक्षा मोठा आहे. लंडनजवळ १८०३ ला वाँड्सवर्थ ते क्रॉयडन अशी सरे आयर्न रेल्वे झाली, घोड्यांचीच, माल वाहायची, कोणीही टोल भरून आपली गाडी आणावी. तिचा रूळ आपल्यासारखा नव्हता. आपल्या चाकाला आतून कड असते आणि रूळ सपाट, त्यांच्याकडे चाक सपाट आणि रुळालाच उभी कड, म्हणजे इंग्रजी एल अक्षरासारखी बिडाची पट्टी, आणि लाकडी स्लीपरऐवजी प्रत्येक बाजूला सुट्टा दगड. आता सांगा, गेज कुठून मोजायचं? दोन उभ्या कडांच्या आतून, की बाहेरून जिथे चाक घासतं तिथून? कडेची जाडी दोनदा मोजली जाते म्हणून दोन्ही आकडे वेगळे येतात आणि दोन्ही खरे. तिचं गेज साधारण ४ फूट २ इंच धरतात. आज पट्ट्या गेल्या, राहिलेत ते दगड, मधे एक भोक असलेले, आणि तेही लोकांनी उचलून बागेत, भिंतीत लावलेले. जागचा हलला की दगड गेजबद्दल काहीच सांगत नाही.


प्रश्न : पंचवटीत आमचा जुना वाडा आहे, माडीच्या खाली तुळईच्या जागी लोखंडी रुळाचे दोन तुकडे टाकलेत. वडील म्हणायचे ते ट्रामचे. त्यावरून गेज काढता येईल का? लवकरच वाडा उतरवणार आहोत. (एक वाचक, पंचवटी)

उत्तर : दादा, वाडा उतरवायच्या आधी लिहिलंत हे फार बरं केलंत, भंगारवाला आला की मग काही उरत नाही.

गेज नाही काढता येणार. एक रूळ किंवा दोन सुटे रूळ, त्यांच्यावरून त्यांच्यातलं अंतर कळत नाही, ते अंतर स्लीपरमध्ये आणि ॲक्सलमध्ये असतं. लोखंडी स्लीपर सापडला, ज्याला रूळ पकडायचे कान असतात, किंवा दोन रुळांना जोडणारा आडवा टाय बार, किंवा दोन चाकांसकट ॲक्सल, तर एका मिनिटात गेज सांगतो. म्हणून उतरवताना अंगणात, विहिरीच्या काठावर, फाटकाला, गोठ्यात असं काही लोखंड असेल तर तेही टाकू नका. लाकडी स्लीपर चौकटीला वापरलेले असतात कधी कधी, त्यावर खिळ्यांची चार-चार भोकं दोन ठिकाणी दिसली तर त्या दोन जागांमधलं अंतर घ्या.

पण रुळावरून हे नक्की कळेल की तो ट्रामचा असू शकतो की नाही. जुन्या वाड्यांमध्ये, दुकानांच्या माडीला रेल्वेच्या भंगारातले रूळ भरपूर वापरलेत, आणि घरचे सगळ्यांना ट्रामचेच म्हणतात. तर असं करा, उतरवल्यावर तुकड्याची लांबी मोजा आणि वजन करा, कुठल्याही काट्यावर. एका मीटरचं वजन किलोत किती ते काढा आणि दुप्पट करा, म्हणजे यार्डाला किती पौंड तो आकडा जवळजवळ येतो. मीटरला १५ किलोच्या आसपास आला तर तो ३० पौंडी, हलक्या लाईनचा, आणि मग वडिलांचं म्हणणं खरं असायची शक्यता चांगली. मीटरला ४५ किलो आला तर तो ९० पौंडी, मोठ्या लाईनचा, ट्रामचा नाही. आणि रुळाला खाली सपाट तळ नसून वरखाली सारखाच माथा असेल तर तो जीआयपीचा जुना दुतोंडी रूळ, तो ट्रामच्याही आधीचा असू शकतो, तोही टाकू नका. माथ्यात लांबच लांब खाच असेल तर ताबडतोब मला कळवा, खाचेचा रूळ बहुतेक करून रस्त्यातल्या ट्रामलाच घालतात.

तुकडे कापू नका, गॅस कटर तर लावूच देऊ नका. रुळाच्या मधल्या उभ्या भागावर, ज्याला आम्ही वेब म्हणतो, कारखान्याचं नाव, साल आणि वजन उठावाच्या अक्षरात आलेलं असतं, गंज आणि चुन्याखाली ते दिसत नाही. तारेच्या ब्रशने हलक्या हाताने घासा, पाणी लावू नका, मग त्यावर पांढरा खडू आडवा फिरवा आणि संध्याकाळी अंधार पडला की टॉर्च बाजूने तिरका धरून बघा, सावलीत अक्षरं वर येतात. दोन्ही बाजू बघा, एकीकडे नसेल तर दुसरीकडे असतं. फोटो काढताना शेजारी टेप ठेवा. त्यात साल १८८९ किंवा त्याच्या एक-दोन वर्षं इकडेतिकडचं निघालं आणि वजन हलकं असेल, तर मी स्वतः येतो पंचवटीत, मला तो रूळ हात लावून बघायचाय.